गूज नॅरोज ते बिअर रॉक

९ नोव्हेंबर २०२४, शनिवार

पूर्णिमाला दिवाळीचा फराळ आज पोचला. चकल्यांचा पार चुरा झालाय, चमच्यानं खाल्ल्या म्हणाली. कॅनडाच्या उत्तर टोकाला आमच्या गडमुडशिंगीची चकली पोचते हेच नवल. कुरिअरवाल्याला पत्ता सांगताना मला घाम फुटला होता.

तिला नवा मार्ग मिळालाय. गूज नॅरोज ते बिअर रॉक. दोन्ही गावांना रस्ता नाही. उन्हाळ्यात होड्या चालतात, कडक थंडीत गोठलेल्या तळ्यांवरून ट्रक जातात. आणि मधल्या दिवसांत, म्हणजे आत्ता, तळी धड गोठलेली नसतात आणि होडीही चालत नाही, तेव्हा फक्त विमान. तिचं विमान दोन पंख्यांचं, नऊ माणसांचं. डाव्या खुर्चीत मार्क नावाचा कॅप्टन, उजव्या खुर्चीत आमची पोरगी. मागं माणसं, दूध, टोमॅटो, लहान मुलांचे लंगोट, टपाल, सगळं एकत्र.

"पप्पा, एस.टी.च हाय की. कोंबड्या तेवढ्या न्हाईत," म्हणाली.

एक वेबसाइट आहे. जगातले कुठलेही दोन विमानतळ घाला, मधलं अंतर आणि उड्डाणाचा वेळ सांगते. मी ही दोन नावं घातली. २१२ किलोमीटर, ४१ मिनिटं. तिला सांगितलं तर हसत सुटली. "ते जेटचा हिशेब सांगतंय. आमचं डबडं पन्नास मिनिटं घेतंय. वारं समोरनं आसलं तर तास."

म्हणजे कोल्हापूर ते पुणे झालं. फक्त मधे कराड नाही, सातारा नाही, काहीच नाही. झाडं आणि तळी.

मग तिच्या आईनं, शालननं, फोन घेतला आणि स्वेटर, कानटोपी, जेवण याच्याबद्दल अर्धा तास बोलली. विमानाचं एक अक्षर विचारलं नाही. तिला त्यातलं काही कळत नाही. तशी ती साधी आहे.

१४ नोव्हेंबर, गुरुवार

सकाळी चहाच्या वेळी फोन आला. बाई इंग्रजीत बोलत होती. माझं इंग्रजी कारखान्यापुरतं. विमान, उशीर, तुमची मुलगी, एवढं कळलं. मी "ओके, थँक यू" म्हणालो आणि फोन ठेवला. शालननं विचारलं कुणाचा. कुरिअरवाल्याचा म्हणालो.

उद्यमनगरला कारखान्यात गेलो. पंपाचे शाफ्ट आज द्यायचे होते. लेथवर उभा राहिलो आणि दुपारपर्यंत काम केलं. निसार शेजारच्या मशीनवर होता. तो आणि मी तीस वर्षं भागीदार आहोत. एकदा म्हणाला, "पाना कुठं हुडकतोस? हातातच हाय की." मग त्यानं माझ्याकडं नीट बघितलं. मी सांगितलं. त्यानं जाऊन मेन स्विच बंद केला आणि आपल्या मुलीला, तमन्नाला फोन लावला.

तमन्ना जयसिंगपूरच्या कॉलेजात इंग्रजी शिकवते. पूर्णिमा आणि ती पहिलीपासून एका बाकावर. ती तास सोडून आली आणि कारखान्यातल्या स्टुलावर बसून तिनं कंपनीला फोन लावला. सकाळच्या बाईचं नाव डोरीन. विमान तिकडच्या संध्याकाळी गूज नॅरोजहून निघालं. बिअर रॉक दहा मिनिटांवर असताना रेडिओवर बोलणं झालं. मग आवाज आला नाही. विमानात चौघं. मार्क, पूर्णिमा, आणि बिअर रॉकचा एक म्हातारा दवाखान्यातून परत निघालेला, बरोबर त्याची भाची.

शाफ्ट सगळे मापात निघाले. मी परत एकदा मोजून बघितले.

शालनला काय सांगायचं ते वाटेत ठरवलं. विमान दुसरीकडं उतरलंय, एका गोठलेल्या तळ्यावर. तिथं फोन लागत नाही. सगळी ठीक आहेत. हवा खराब आहे म्हणून आणायला वेळ लागतोय. एवढं सांगितलं. ती मेथी निवडत होती. "बरं," म्हणाली. मग उठून गॅस बंद केला. गॅसवर काहीच नव्हतं.

१५ नोव्हेंबर, शुक्रवार

लष्कराचं मोठं विमान शोधायला गेलंय. ढग खाली आहेत, बर्फ पडतोय. त्या भागात तळी किती याची कुणी मोजदाद केलेली नाही म्हणे.

संध्याकाळी इकडं सात वाजतात तेव्हा तिकडं सकाळ होते. त्या वेळी डोरीनशी बोलायचं ठरलंय. तमन्ना फोन स्पीकरवर ठेवते. डोरीन लांबलचक बोलते. आज बोलली, बोलली, मधेच थांबली, परत बोलली. मी विचारलं काय म्हणाली. तमन्ना म्हणाली, "काका, शोध चालू हाय." इंग्रजीत साध्या गोष्टीला फार शब्द लागतात.

डोरीन सारखी सॉरी म्हणते. त्या लोकांची सवयच असते. पूर्णिमा सांगायची, धक्का आपण दिला तरी सॉरी तेच म्हणतात.

१७ नोव्हेंबर, रविवार

विमानात आणीबाणीची पेटी असते. त्यात ब्लँकेटं, काडेपेटी, बिस्किटं असतात. तमन्नाकडून खात्री करून घेतली. शालनला सांगितलं की पूर्णिमानं शेकोटी केली असणार. लहानपणी बंब पेटवायला तीच पुढं असायची. शालन म्हणाली, "वल्या लाकडाचा धूर लय हुतोय. डोळं चुरचुरत आसतील."

मी म्हणालो, तिकडची लाकडं वेगळी असतात.

ती ऐकते आणि मान हलवते. बरं आहे. दोघांनीही डोकं धरून बसायचं म्हणजे घर चालणार कसं.

२० नोव्हेंबर, बुधवार

आज विधानसभेचं मतदान. शाळेत गेलो, रांगेत उभा राहिलो, बटण दाबलं. कुणाचं दाबलं ते बाहेर आल्यावर आठवेना. रांगेतली माणसं माझ्याशी हळू बोलत होती. एकानं पाण्याची बाटली दिली. मला तहान नव्हती तरी प्यालो.

ती वेबसाइट परत उघडली. गूज नॅरोज ते बिअर रॉक, २१२ किलोमीटर, ४१ मिनिटं. त्यांच्या लेखी काही बदललेलं नाही. मग कोल्हापूर ते बिअर रॉक घातलं. थेट विमान नाही म्हणाली. असतं तर साडेअकरा हजार किलोमीटर, चौदा तास. नसलेल्या विमानाचाही वेळ सांगते ती.

शालननं अल्बम काढलेत. पूर्णिमाचा चांगला फोटो कुठला म्हणून विचारत होती, नुसत्या चेहऱ्याचा. शोधणाऱ्यांना पाठवायला हवा असेल. मी गणवेशातला दिला. तिनं तो बाजूला ठेवला आणि दुसरा काढला. अंगणातला, केस विंचरलेले नाहीत असा. म्हणाली, "ह्यो मोठा करून आना."

२४ नोव्हेंबर, रविवार

डोरीनबरोबर आज एक पोलीस अधिकारीही फोनवर होता. शोध थांबवला. तळी पुरती गोठली, वर बर्फाचा थर बसला, वरून काही दिसत नाही. उन्हाळ्यात बर्फ वितळला की परत बघणार.

थांबवला म्हणजे बंद केला नाही. मी तमन्नाला तोच शब्द विचारला. ती म्हणाली, "व्हय काका, थांबवलाय." मग निसारनं तिला घरी नेलं. तिला सर्दी झाली असावी, नाक लाल झालं होतं.

मी कारखान्याच्या दारात स्टुलावर बसून राहिलो. शेजारच्या फौंड्रीत भट्टीतला लोखंडाचा रस ओतत होते. ते सगळं बघितलं. मग घरी आलो आणि शालनला सांगितलं की त्यांना एक खोपटं सापडलं असणार, शिकाऱ्यांची असतात तिकडं, लाकूडफाटा भरून ठेवलेला असतो. थंडी तिथंच काढायची म्हणजे झालं.

ती म्हणाली, "खायाला काय?"

मी म्हणालो, मासे. तळ्याला भोक पाडून धरतात.

"मासं आवडतात तिला," म्हणाली.

२६ नोव्हेंबर, मंगळवार

आकारामदादा आला होता. माझा थोरला भाऊ. बूट काढायच्या आधीच सुरुवात केली. "उदय, गावात समदी इचारायला लागल्यात. दिवस घालायचं का न्हाई? आसं किती दिस ठेवायचं?"

मी म्हणालो, "कुणाचं दिवस? तुझी पुतणी गेलीया आसं तुला कुनी सांगितलं? कागद दाखव."

दादा म्हणाला, "आरं पर..."

मी त्याला निघ म्हणालो. मोठ्या भावाला असं कधी बोललो नव्हतो. मला वाईट वाटायला हवं होतं. काही वाटलं नाही. शालन चहाचा कप घेऊन त्याच्या मागं फाटकापर्यंत गेली. दोघं बराच वेळ उभी होती. ती काही सांगत होती आणि दादा टोपी हातात घेऊन ऐकत होता. दादाची समजूत काढली असेल तिनं. तेव्हापासून भावकीतलं कुणी काही विचारायला आलं नाही.

१५ डिसेंबर, रविवार

बरेच दिवस लिहिलं नाही. लिहिण्यासारखं काही नाही. कारखाना, घर. साखर कारखान्यांचे भोंगे वाजतात, उसाच्या बैलगाड्या रस्ता अडवतात. मी गाडी बंद करून मागं थांबतो. मागचे हॉर्न वाजवतात.

मधे शालननं देवाला दिवा लावणं सोडलं होतं. विसरत असेल. आता परत लावते. एकदा सकाळी आकारामदादाबरोबर मोटारसायकलवरून कुठं जाऊन आली. ओलं लुगडं पिशवीत होतं. विचारलं तर म्हणाली, नदीला गेलतो. पंचगंगेला एवढ्या थंडीत कशाला जायचं? पण बायकांचे काही ना काही नेम असतात.

२१ फेब्रुवारी २०२५, शुक्रवार

पुण्याला जाऊन आलो. कॅनडाच्या व्हिसासाठी बोटांचे ठसे द्यावे लागतात. उन्हाळ्यात शोध सुरू होईल तेव्हा आपण तिथं असायला हवं, असं मी ठरवलंय. शालनही येते म्हणाली. मला वाटलं होतं, घाबरेल.

माझे ठसे उमटेनात. लेथवर तीस वर्षांत बोटं गुळगुळीत झालीत. त्या मुलीनं चार वेळा काचेवर बोटं दाबून घेतली, क्रीम लावलं, परत दाबली. शालनचे पहिल्या फटक्यात उमटले.

येताना सातारा, कराड. बस जेवणाला थांबली. मनात म्हणालो, आत्तापर्यंत ती पोचली असती. मग लक्षात आलं की मी तेच पन्नास मिनिटांचं गणित करतोय.

३० मार्च, रविवार

पाडवा. शेजारी गुढ्या उभ्या राहिल्या. मी काठी काढायला माळ्यावर चढलो तर शालन खालून म्हणाली, "ऱ्हाऊ दे. यंदा नगं."

"का? पोरीला बरं वाटंल का आल्यावर, गुढी उभी न्हाई केली म्हणून?"

ती शिडी धरून उभी राहिली, मी खाली उतरेपर्यंत.

दुपारी निसारच्या घरून ईदची खीर येईल असं वाटलं होतं, पण ईद उद्या आहे. निसार मात्र आला. बसला, पंख्याकडं बघत. आम्ही दोघं तासभर काही बोललो नाही. कारखान्यातही असंच असतं, पण तिथं मशीन चालू असतं.

९ जून, सोमवार

सापडलं.

संध्याकाळी डोरीनचा फोन. या वेळी तमन्नानं एकही शब्द गाळला नाही. रडत रडत सगळं सांगितलं, एकेक वाक्य थांबून. बिअर रॉकचा एक माणूस जाळं टाकायला गेला होता. विमानतळापासून फार लांब नाही ते तळं. बर्फ फुटल्यावर काठाला एक सीट लागलेली दिसली. पोलिसांचे पाणबुडे उतरले. चौघंही आत आहेत. पंखांवर बर्फ चढला असावा आणि विमान खाली येत गेलं, असा अंदाज आहे. तळं तेव्हा वरवर गोठलेलं होतं. बर्फ फुटला, विमान आत गेलं, आणि त्याच रात्री पाणी परत गोठलं.

तमन्ना म्हणाली, "काका, त्या पहिल्याच आठवड्यात शोधणाऱ्यांचा डॉक्टर बोललेला. तळ्यात पडलं आसलं तर एवढ्या गार पाण्यात काही मिनिटंच... मी तुमाला सांगितलं न्हाई. मला सांगायला जमलं न्हाई."

मी म्हणालो, बरं केलंस.

घरी आलो. शालनला कसं सांगायचं याचा विचार करत फाटकात गाडी लावली. ती पायरीवर बसली होती. मी तोंड उघडायच्या आधीच म्हणाली, "घावली व्हय?"

मी हो म्हणालो.

"कुठं?"

"पाण्यात. तळ्यात."

तिनं डोळे मिटले. मग म्हणाली, "मला त्याच दिशी कळ्ळंवतं. फोन ठिवला आनि चहात तुमी तीनदा साखर घातलासा. कुरिअरवाल्याच्या फोनानं आसं हुतंय व्हय? दुपारी तुमी यायच्या आदी मी तमन्नाला फोन लावला. तिनं समदं सांगितलं."

"मग बोलली का न्हाईस?"

"तुमी रोज येऊन सांगत हुता की. शेकोटी केलिया, बिस्किटं हायती, खोपटं घावलंय. म्या कोन तुमाला गप करणार? आनि..." ती थांबली. "आनि मला बी ते ऐकायचं हुतं. दिसभर मी कामात आसायचो, पर कान फाटकाकडं. आज काय केलं आसंल पोरीनं, ते सांगायला तुमी कवा येताय."

मी पायरीवर बसलो.

"दिवस मी घातलो," ती म्हणाली. "आकारामभावजींनी नदीवर केलं. तुमचा राग हुईल म्हणून सांगितलं न्हाई."

मला राग आला नाही. काहीच आलं नाही. मी हात धुतले, जेवलो. झोपायच्या आधी फाटकाला कुलूप लावलं आणि ते दोनदा ओढून बघितलं.

२३ जून, सोमवार

आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसलो. घराच्या मागं विमानतळ, पोरगी विमान चालवायला शिकली, आणि आम्ही दोघं कधी चढलो नव्हतो. उजळाईवाडीहून मुंबई, मग लंडन, मग टोरांटो, मग विनिपेग. प्रत्येक विमानात समोरच्या पडद्यावर बाण सरकत असतो. किती अंतर गेलं, किती राहिलं, पोचायला किती वेळ. मी त्याच्याकडं बघत राहिलो. शालन खिडकीतून खाली बघत होती. लंडनच्या आधी म्हणाली, "किती वर हाय वो आपण. हितं तिला भ्या वाटत नसंल?"

मी म्हणालो, नाही वाटायचं. ती सांगायची, वर काही वाटत नाही. उतरतानाच काय ते लक्ष द्यावं लागतं.

हे तिनं मला कधी सांगितलं होतं, की मी आत्ता बनवलं, ते मला आठवेना.

२६ जून, गुरुवार, विनिपेग

डोरीन विमानतळावर आली होती. साठीच्या पुढची, पांढरे केस, हातात काठी. मला वाटलं होतं ऑफिसातली तरुण पोरगी असेल. तिनं शालनचा हात धरला तो सोडलाच नाही.

पूर्णिमाला इथंच अग्नी दिला. एवढी विमानं बदलत तिला पेटीतून न्यायचं नाही, असं शालननं सांगितलं. इथं बटण दाबायचं असतं. माझ्या बोटांचे ठसे उमटत नाहीत, पण बटण लगेच लागलं. मी बाहेर येऊन बाकावर बसलो. समोर हिरवळीवर एक माणूस गवत कापत होता. मशीनच्या पात्याला धार नव्हती. गवत तुटत नव्हतं, उपटलं जात होतं.

संध्याकाळी शालन म्हणाली, "ती निघाली हुती त्या गावाला तिला पोचवायची. मग घरी न्यायची."

डोरीननं फोन केले. परवा नाही तर तेरवा जागा मिळेल.

२९ जून, रविवार, बिअर रॉक

गूज नॅरोजपर्यंत एका विमानानं आलो. तिथून तेच, दोन पंख्यांचं, नऊ माणसांचं. गुरप्रीत नावाचा पंजाबी पोरगा आज उजव्या खुर्चीत होता. तो पूर्णिमाबरोबर एकाच घरात भाड्यानं राहायचा, खाली तो आणि वर ती. त्यानं आमचे पट्टे स्वतः लावले. शालननं कलश मांडीवर घेतला होता. तो म्हणाला, "आंटी, ये नीचे रख दूँ?" शालननं नाही म्हणून मान हलवली. त्यानं परत विचारलं नाही.

विमान उडालं. पूर्णिमा म्हणाली होती तसंच. झाडं आणि तळी, झाडं आणि तळी. तळ्यांत आभाळ दिसत होतं. कुठलं ते तळं, मला कळलं असतं तर बरं झालं असतं की वाईट, सांगता येत नाही. गुरप्रीतनं दाखवलं नाही, मी विचारलं नाही. वारा मागून होता. पन्नास मिनिटंही लागली नाहीत. चाकं खडीवर टेकली तेव्हा मोठा खडखडाट झाला आणि शालन कलशाला म्हणाली, "आलं बघ."

विमानतळ म्हणजे एक खोली, बाहेर एक बाक, एक ट्रक. एल्डन नावाचा माणूस तिथलं सगळं बघतो. हवा कशी आहे ते रेडिओवर सांगतो, बर्फ काढतो, दिवे लावतो. अंगानं थोराड, केसांची वेणी, पिकलेली. तो विमानाच्या शिडीपाशी येऊन उभा राहिला. मरण पावलेला म्हातारा त्याचा मामा आणि ती भाची त्याची बहीण. त्यानं आम्हाला बाकावर बसवलं आणि आपण खाली पायरीवर बसला. तो बोलत होता आणि गुरप्रीत हिंदीत सांगत होता.

शेवटचं तो तिच्याशी बोलला होता. तिनं वारा विचारला, ढग किती खाली आहेत विचारलं. दहा मिनिटांत येतो म्हणाली. त्यानं दिवे लावून ठेवले आणि बाहेर येऊन उभा राहिला. दहा मिनिटं झाली. मग तो गावात गेला आणि घराघरांतून माणसं बोलावली. गावात होत्या तेवढ्या गाड्या रनवेच्या दोन्ही बाजूंना लावल्या, सगळ्यांचे पुढचे दिवे चालू. तिला ढगातून दिसावं म्हणून. माणसं उजाडेपर्यंत बर्फात उभी होती. कुणी बोलत नव्हतं, आवाज ऐकू यावा म्हणून.

तो म्हणाला, अजून वारा सुटला की मी बाहेर येतो.

मी ऐकत होतो. त्याला काहीतरी म्हणायला हवं होतं. थँक यू येत होतं मला, सॉरी येत होतं. 

शालन गुरप्रीतला म्हणाली, "त्यास्नी इचार, त्या राती जेवलं का न्हाई."

गुरप्रीतला कळलं नाही. मी हिंदीत सांगितलं. त्यानं ते इंग्रजीत सांगितलं. एल्डननं शालनकडं बघितलं. परत विचारायला लावलं, आपण बरोबर ऐकलं का म्हणून. मग त्यानं मान नकारार्थी हलवली आणि एवढा मोठा माणूस दोन्ही हातांत तोंड घालून बसला.

शालननं कलश माझ्या मांडीवर दिला आणि पिशवी उघडली. निघताना तमन्नानं जयसिंगपूरच्या भडंगाच्या पुड्या दिल्या होत्या, प्रत्येक विमानात त्या सामानाखाली दबल्या होत्या. तिनं एक फोडली, त्याचा हात ओढून घेतला आणि ओंजळभर ओतलं. "खावा. लाजू नगासा."

त्यानं तोंडात टाकलं, चावलं, आणि ठसका लागला. गुरप्रीत हसला, मग गप्प झाला. एल्डन खोकत होता पण खायचा थांबला नाही. शालननं त्याला आणखी वाढलं.

मग पुडी माझ्यापुढं धरली. "तुमी बी."

मी एका हातानं कलश धरला आणि दुसऱ्या हातानं मूठभर घेतलं. शेंगदाणे होते, लसूण होता. तिखट एवढं होतं की डोळ्यांतून पाणी यायला लागलं. जयसिंगपूरचं भडंग मी आयुष्यभर खातोय, असं कधी झालं नव्हतं. पाणी थांबेना. नाकातून यायला लागलं, घशातून कसला तरी आवाज निघायला लागला. एल्डन उठून आतून पाण्याची बाटली घेऊन आला आणि माझ्या शेजारी उभा राहिला.

गुरप्रीत घड्याळ बघत म्हणाला, अंकल, ढग येतायत, निघायला हवं.

शालननं त्याच्याकडं बघितलं नाही. तिचा हात माझ्या पाठीवर होता. "थांब की जरा," म्हणाली. "बसू दे त्यास्नी."